एकशेत्रेचाळीस गाठी

"सगळे पोचले?"

"पोचले, बाबा."

"मोजलेस?"

लोकेश हसला. "मोजणं पेटीचं काम. माझं नव्हे."

"मग पेटी किती म्हणते?"

"दोनशेसत्तर."

"आणि जुन्या पेटीत?"

"चारशेबारा होत्या ओळी. त्यातल्या एकशेबेचाळीस फालतू निघाल्या. तीच ती ओळ पुन्हा पुन्हा. मन्साराम गुरुजींचं वय झालं होतं ना. एकदा लिहिलेलं विसरायचे, परत लिहायचे. नवी पेटी असलं चालवून घेत नाही. एक माणूस, एक ओळ. जास्तीचं तिनं आपोआप झाडून टाकलं."

उखर्डूबाबा जाळं सांधत होता. त्याचा हात थांबला.

...

मग पुन्हा चालू झाला.

"आता कान फुंका," लोकेश म्हणाला. "तुमचं काम झालं. माझं करा."

"एक बाई येणार आहे आज. तिचं होऊ दे आधी."

उखर्डूबाबा म्हणजे कुणी मठाधिपती नव्हे. तापीकाठचा कोळी, होडी वल्हवणारा. बायको गेल्यावर दाढी करायची सोडली आणि लोक बाबा म्हणायला लागले, एवढंच. राहायला कुडाचं खोपटं. शाळा दुसरीपर्यंत. मास्तरनं मारलं म्हणून तीही सुटली, ती सुटलीच.

पिंपळघाटला नदीवर बंधारा आहे. वरच्या अंगाला कुणी बुडालं, पुलावरून पडलं, नाहीतर आपल्या पायानं पाण्यात गेलं, की तीन-चार दिवसांनी ते माणूस बंधाऱ्याच्या दाराशी येऊन अडकतं. त्याला बाहेर काढायचं काम बाबा चाळीस वर्षं करत आला. कुणी नेमलं नव्हतं. कुणी काढत नव्हतं म्हणून हा काढायचा.

ज्याचं कुणी सापडे, तो घरी जाई. ज्याचं कुणी येत नसे, त्याला पोलिसांचे कागद झाले की काठावर उंचवट्याला पुरत. वर एक धोंडा. धोंड्याला चुना.

गावचे मन्साराम गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा शाळेतून मोडीत निघालेला एक संगणक त्यांनी खोपटात आणून ठेवला. बाबा सांगे, गुरुजी लिहीत. नाव, गाव, अंगावर काय होतं, कुठली खूण. कुणी शोधत आलं तर गुरुजी त्यात बघून सांगत. बाबा त्याला पेटी म्हणे, म्हणून सगळेच पेटी म्हणत. गेल्या वर्षी पावसाळा सरला आणि गुरुजी गेले. पेटीही घरघर करायला लागली होती.

आणि लोकेश बाविस्कर. जळगावचा पोरगा, पुण्यात मोठ्या कंपनीत. काम एकच. जुन्या पेट्यांतला माल नव्या पेट्यांत हलवायचा. एका बँकेचे दोन कोटी खातेदार त्यानं शनिवार-रविवारात हलवले होते आणि सोमवारी एकाही खातेदाराला कळलं नव्हतं. हे तो सांगे. न विचारता सांगे. पुण्यात त्याला सगळं होतं, मनाला थारा तेवढा नव्हता. कुणीतरी बाबाचं नाव सांगितलं आणि हा येऊन बसला. मला मंत्र द्या म्हणाला.

"मले मंत्रबिंत्र येत नाही," बाबा म्हणाला होता.

हा उठला नाही. चार दिवस बसून राहिला. पाचव्या दिवशी बाबानं जुन्या पेटीकडं बोट केलं. "ती मरायला टेकलीय. यादी नव्या पेटीत घाल. मग बघू तुझ्या कानाचं."

लोकेशला ते जरा लागलंच. दोन कोटीवाला माणूस, त्याला चारशेबारा ओळी. सकाळचा चहा आणि आंघोळ ह्यांच्या मध्ये त्यानं ते उरकलं.

जुनी पेटी भोळी होती. सांगाल ते, सांगाल त्या क्रमानं पोटात घेई, उलट विचारत नसे. नव्या पेटीला आधी सांगावं लागतं, माणूस ओळखायचा कशावरून. बँकेत लोकेशनं नाव, गाव आणि जन्मतारीख सांगितली होती. इथं जन्मतारखेचा रकानाच नव्हता. म्हणून नाव आणि गाव. दोन्ही जुळलं की माणूस तोच, दुसरी ओळ टाकून द्यायची.

पेटी बिचारी हुकमाची ताबेदार. सांगितलं तसं केलं.

बाई आली ती दुपारच्या एसटीनं. शेवंताबाई नाव. चाळिशीची, पायात प्लॅस्टिकच्या चपला, हातात कापडी पिशवी. उंबऱ्यातच बसली. तिनं बाबाला हात जोडले आणि लोकेशकडं बघितलं.

"गुरुजी नाहीत?"

"गुरुजी गेले, माय. आता हा आहे. पुण्याचा आहे."

"मग बरं बघंल," शेवंताबाई म्हणाली.

तिचा भाऊ नथ्थू, केळीच्या ट्रकवर हमाल. नऊ वर्षांपूर्वी पावसाळ्यात ट्रकबरोबर गेला आणि परत आला नाही. ड्रायव्हर म्हणाला, पुलाजवळ उतरला होता, पाणी बघतो म्हणाला. तक्रार दुसऱ्या जिल्ह्यात, नदी इथं. शेवंताबाई दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा सांगायला तिच्याकडं एवढंच होतं, रंग सावळा आणि अंगात पांढरी बंडी. तसे यादीत एकोणीस होते. गुरुजींनी तिला तसंच सांगितलं होतं. आणखी काही आठवलं तर ये, म्हणाले होते.

तिला आठवलं होतं. तिनं पिशवीतून एक दोऱ्याचं रीळ काढलं. हिरवं.

"पत्र्याची पेटी आवरत होते. हे सापडलं आणि एकदम डोक्यात आलं. त्याच्या बंडीचा आतला खिसा मीच शिवला होता. पांढरा दोरा संपला होता, म्हणून हिरव्यानं. तो म्हणाला, आक्के, हे काय पोपट काढलास. मी म्हटलं, आतून आहे, कोण बघतंय."

तिनं रीळ लोकेशपुढं धरलं.

"बघा भाऊ. हिरवा दोरा."

लोकेशनं टाइप केलं. बोटं पियानोवर चालावीत तशी चालली. पेटीनं क्षण लावला नाही.

"नाही."

"बंडी बघा."

"बंडी... नाही."

"नऊ वर्षांपूर्वीचं बघा. श्रावण."

त्यानं तेही बघितलं. मग खुर्ची वळवली आणि समजावून सांगायच्या आवाजात म्हणाला, "ताई, ही पेटी चुकत नाही. तुमचे भाऊ ह्या यादीत नाहीत. ही चांगलीच गोष्ट आहे."

शेवंताबाई रीळ बोटांवर फिरवत राहिली.

"माझी वहिनी रोज त्याचं ताट वाढते, भाऊ. नऊ वर्षं. झाकून ठेवते आणि सकाळी गायीला घालते. त्याच्या पोरीचं लग्न ठरतंय. पाहुणे विचारतात, ते ताट कुणाचं. मी तिला म्हटलं, मी शेवटचं विचारून येते. ताट चालू ठेवायचं का थांबवायचं, एवढंच."

"मग चालू ठेवा," लोकेश म्हणाला.

बाई उठायला लागली.

"बस, माय," बाबा म्हणाला. "चारची गाडी आहे. भाकर खा आधी. चुलीवर आहे."

मग लोकेशला म्हणाला, "ती पहार घे. चल."

उंचवट्यावर ऊन तापलं होतं. धोंडे ओळीनं होते. ओळ वाकडीतिकडी, पण ओळच. काहींचा चुना ताजा, काहींचा उडालेला. लोकेश आल्यापासून ह्या बाजूला एकदाही फिरकला नव्हता. त्याला मंत्र पाहिजे होता, धोंडे नव्हे.

"हे कोण?"

"ज्यांचं कुणी आलं नाही ते. मोज."

"बाबा, ऊन..."

"मोज."

लोकेशनं मोजले. मध्ये चुकला. परत पहिल्यापासून मोजले.

"एकशेत्रेचाळीस."

"तुझ्या पेटीनं फालतू म्हणून किती झाडले?"

"एकशेबेचाळीस."

"मग एक ठेव. बाकीचे उपट आणि दे पाण्यात फेकून."

लोकेश बघत राहिला. थट्टा आहे का काय, म्हणून त्यानं बाबाच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती. म्हातारा पहार पुढं करून उभा होता.

"नवी पेटी चुकत नाही म्हणालास ना बाईले. ती म्हणते एकच आहे. मी चाळीस वर्षं उगीच खड्डे खणले. उपट."

लोकेशनं पहार घेतली. नाइलाजानं एका धोंड्याच्या बुडाशी लावली. धोंडा जागचा हलला. खालची माती ओलसर, काळी. एक गोम बाहेर आली आणि शेजारच्या धोंड्याखाली गेली.

त्याचे हात तिथंच थांबले.

"हा ठेवू का?" तो म्हणाला. "का तो?"

"मले काय विचारतोस. पेटीले विचार."

...

ह्यांना गुरुजींनी काय नाव लिहिलं असेल, हे लोकेशच्या डोक्यात तेव्हा आलं. आधी यायला पाहिजे होतं. शिकलेल्या माणसाचं असंच असतं, सगळं येतं आणि वेळेवर येत नाही.

नावाच्या रकान्यात गुरुजींनी लिहिलं होतं, माहीत नाही. गावाच्या रकान्यात, माहीत नाही. एकशेत्रेचाळीस वेळा. आणि त्यानं स्वतः पेटीला सांगितलं होतं, नाव जुळलं, गाव जुळलं, म्हणजे माणूस तोच. पेटीनं पहिला माहीत नाही आत घेतला आणि मागचे सगळे दाराबाहेर ठेवले. बाई, बुवा, लेकरू, म्हातारा. सगळे मिळून एक.

लोकेशनं धोंडा दोन्ही हातांनी पूर्वीसारखा बसवला. माती दाबली. चुना बोटांना लागला.

"जुनी पेटी कुठं आहे?" बाबानं विचारलं.

"आहे. पण... पुसली मी. सकाळीच. काम झालं की जुनं ठेवत नाही मी. घोळ होतो."

"नक्कल?"

"नाही."

"बँकेच्या वेळी?"

लोकेश पायाखाली बघत म्हणाला, "तीन ठेवल्या होत्या."

"बरं," बाबा म्हणाला.

तो 'बरं' लोकेशला पहारीपेक्षा जड गेला.

खोपटात परत आले तेव्हा शेवंताबाई भाकरीचा तुकडा मोडून तशीच बसली होती. लोकेश तिच्यासमोर खाली बसला. खुर्चीवर नाही.

"ताई, मी चुकीचं सांगितलं. तुमचा भाऊ नाही, असं नाही. आहे, असंही नाही. मी यादी घालवली."

"घालवली म्हंजे?"

"नीट हलवली नाही. नाव नसलेले सगळे गेले. फक्त एक राहिला."

शेवंताबाईनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"पुण्याचे ना तुम्ही?"

"हो."

"गुरुजींना नऊ बोटं होती," ती म्हणाली. "एक चरकात गेलं होतं लहानपणी. त्यांच्या हातनं असं झालं नाही."

लोकेशनं स्वतःची दहा बोटं मुठीत मिटली.

"तुझा टॉवेल काढ," बाबा म्हणाला.

"काय?"

"टॉवेल. तिथनं."

खोपटात छपराला टेकू दिलेल्या एका मेढीपासून दुसऱ्या मेढीपर्यंत एक जुना दोर बांधलेला होता. होडीचा, जाड. एका पदरात मावला नव्हता म्हणून पाच-सहा फेरे मारलेले. त्याला जागोजाग गाठी आणि गाठीगाठीत चिंध्या. लोकेश आल्या दिवसापासून त्यावर टॉवेल वाळत घालत होता. पँटही घातली होती. बाबानं कधी नाही म्हटलं नव्हतं.

त्यानं टॉवेल काढला. बाबानं दोराचं एक टोक सोडलं, मांडीवर घेतलं आणि पहिल्या गाठीवर अंगठा ठेवला. डोळे मिटले.

"लिही."

"काय लिहू?"

"गुरुजी यायच्या आधी काय मी तोंड बघत बसलो होतो? लिहिता येत नव्हतं. माणूस पुरला की त्याच्या अंगावरची बोटभर चिंधी घ्यायची आणि गाठ मारायची. गुरुजींनी ह्याच्यावरूनच लिहिलं सगळं. लिही. बाई. पन्नाशीची. हातात काचेच्या दोन राहिलेल्या. लुगड्याचा काठ तांबडा. उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट नाही. आषाढ. पाणी गढूळ."

लोकेश थांबला. "पाणी गढूळ, हे पण?"

"हे पण."

लिहिलं.

"पुढचा?" लोकेश म्हणाला.

बाबानं अंगठा उचलला नाही. गाठीवर तसाच ठेवून बसला. किती वेळ, कुणास ठाऊक. मग दुसऱ्या गाठीवर गेला.

चार गाठी झाल्या आणि लोकेशला राहवेना. "बाबा, ताई ताटकळल्यात. चारची गाडी जाईल. आधी ह्यांचंच बघू. नऊ वर्षांपूर्वीची गाठ कुठं येईल, अंदाजानं..."

"रांगेनं."

"पण त्या थांबल्यात."

"बाकीचे पण थांबलेत."

लोकेशनं शेवंताबाईकडं बघितलं. तिनं पदर कमरेला खोचला.

"मी राहते," ती म्हणाली. "गुरुजींच्या घरी निजंन. गुरुजींची बायको ओळखते मले. नऊ वर्षं गेली, दोन दिवसांनी काय होतंय. पण ह्या वेळी काय ते ऐकूनच जाईन. तुमी लिहा. आणि घाई करू नका, घाईनं काय होतं ते झालंय बघून."

मग बसली बैठक.

बाबाचा नियम असा, की दोर उजेडात वाचायचा. दिवस मावळला की गुंडाळायचा, उगवला की सोडायचा. लोकेशनं ह्या वेळी पेटीला पहिलंच सांगितलं, माणूस ओळखायचा तो नावावरून नाही, गाठीच्या नंबरावरून. पहिली गाठ तो एक, दुसरी तो दोन. नाव असो नसो. दर दहा गाठींना तो नक्कल काढे आणि स्वतःच्या बोटानं ओळी मोजे. पेटीला विचारत नसे.

पोरगा हट्टाला पेटला होता. पाठ अवघडली, डोळे चुरचुरले, पण उठला नाही. पुण्याहून कंपनीचा फोन आला. "पोचलेत का सगळे पिंपळघाटला हे बघतोय, नंतर बोलतो," असं काहीतरी बोलून त्यानं तो ठेवला. समोरच्याला काय कळलं असेल, देव जाणे.

शेवंताबाई चूल सांभाळत होती. येता-जाता ऐकत होती. एका गाठीला ती काम करता करता थबकली. पायात एकच पैंजण असलेली पोर, सात-आठ वर्षांची. तिनं हातातली भाकर तव्यावर टाकली आणि परत उलटवायला विसरली.

"हिचं कुणी आलं नाही?"

"नाही, माय."

"कसं येत नाहीत लोक," ती म्हणाली. मग स्वतःच गप्प झाली. तीही नऊ वर्षांत तिसऱ्यांदाच आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्त्याण्णवावी गाठ आली.

"बाप्या," बाबा म्हणाला. "तिशीच्या आतला. खांद्याला घट्टे, ओझं वाहणाऱ्याचे असतात तसे. रंग सावळा. पांढरी बंडी. आत खिसा." अंगठा गाठीवरून फिरला. "खिशाची शिवण हिरव्या दोऱ्याची. श्रावण. दारं तीन दिवस उघडी होती. चौथ्या दिवशी आला."

लोकेशची बोटं थांबली.

शेवंताबाई उठून जवळ आली. चिंधी बघितली. धुरानं आणि वर्षांनी ती राखेच्या रंगाची झाली होती. तिच्यातून एक दोरा लोंबत होता, तोही राखेच्या रंगाचा.

"हा कुठं हिरवा आहे," ती म्हणाली. तिचा आवाज कडक झाला होता. "हा पांढरा आहे. हा कुणाचाही असंल."

"गाठ सोड," बाबा म्हणाला.

लोकेशनं हात पुढं केला. बाबानं त्याच्या हातावर चापट मारली.

"तू नाही. घरच्यानंच सोडायची असते."

गाठ पाण्यानं आणि काळानं दगड झाली होती. नखानं सुटेना. शेवंताबाईनं दोर तोंडाशी नेला, दातांत धरला आणि ओढला. पुन्हा ओढला. ओठाला रक्त आलं. पुसलं नाही. तिसऱ्यांदा गाठ सैल झाली.

गाठीच्या पोटात, जिथं नऊ वर्षं ऊन लागलं नव्हतं की धूर, तिथं चिंधी पांढरी होती. आणि दोरा हिरवा होता.

तिनं पिशवीतून रीळ काढून शेजारी धरलं.

...

चुलीवर पाणी उकळून खाली सांडलं.

"सांगितलं होतं त्याले मी," बऱ्याच वेळानं शेवंताबाई म्हणाली. "आतून आहे, कोण बघतंय."

ती रडली नाही, किंवा तिथं रडली नाही. बाबाबरोबर उंचवट्यावर गेली. सत्त्याण्णवावा धोंडा पदरानं पुसला, चुन्याचं मडकं मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं त्याला चुना दिला. वरून खालपर्यंत, सावकाश. मग तोंड धुतलं आणि चारच्या गाडीला निघाली.

निघताना ती लोकेशपुढं उभी राहिली.

"लिहा. नथ्थू सुकलाल सोनवणे. गाव आमोदखेडं."

त्यानं लिहिलं. माहीत नाही पुसलं, त्या जागी नथ्थू आला.

"वाचून दाखवा."

त्यानं वाचून दाखवलं.

"आता ह्याले कुणात मिसळू नका."

"नाही, ताई."

"आज मी ताट उचलून ठेवते," ती म्हणाली. "आमी दोघी मिळून ठेवू." आणि बंधाऱ्यावरून चालत गेली. मागं वळून बघितलं नाही.

लोकेशनं उसासा टाकला, पाय लांब केले आणि खुर्चीला टेकला. त्याला वाटलं, झालं. ज्याच्यासाठी चाललं होतं ते झालं.

बाबा मांडीवर दोर घेऊन बसलाच होता. अठ्ठ्याण्णवाव्या गाठीवर अंगठा.

लोकेश सरळ बसला.

उरलेल्या शेहेचाळीस गाठींना तिसरा दिवस लागला. शेवटची गाठ मागच्याच पावसाळ्यातली होती. चिंधीचा रंग अजून शाबूत. तिच्यापुढं दोर मोकळा होता, आठ-दहा हात असेल, नुसताच.

लोकेशनं ओळी मोजल्या. मग उंचवट्यावर जाऊन धोंडे मोजले. मग परत येऊन दोरावरच्या गाठी मोजल्या. सत्त्याण्णवाव्या जागी गाठ नव्हती, दोराला नुसता वाक राहिला होता. तो त्यानं बोटानं चाचपला आणि मोजण्यात धरला. तिन्ही जुळले. तीन नकला काढल्या. एक शाळेत दिली, एक गुरुजींच्या बायकोकडं, एक आपल्या खिशात.

मग बाबासमोर येऊन जमिनीवर बसला.

"बाबा, ह्यावर आणखी काही नाही मागत. पण तुम्ही म्हणाला होता. कानाचं बघू म्हणाला होता."

बाबा जागचा उठला, मेढीला गुंडाळलेला दोर सोडला, त्याचं टोक शोधलं आणि पहिली गाठ लोकेशच्या हातात दिली.

लोकेशला आधी कळेना. पेटीकडं बघायला त्यानं मान वळवली. बाबानं हनुवटीला धरून ती परत सरळ केली.

लोकेशनं अंगठा गाठीवर ठेवला. चिंधी खरखरीत होती. डोळे मिटले.

"बाई," तो म्हणाला. "पन्नाशीची. हातात... हातात काचेच्या दोन. लुगड्याचा काठ तांबडा. उजव्या पायाचं, करंगळीशेजारचं बोट नाही. आषाढ."

तो थांबला.

"पाणी गढूळ."

बाहेर बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं. लोकेशनं अंगठा उचलला नाही. तसाच बसून राहिला, बराच वेळ.

...

"पुढचा," बाबा म्हणाला.